सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही: फ्यूल पंप बदलण्याआधी काय तपासावे?

प्रश्न: वावरवाला (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची, चार सिलिंडरची, इंजेक्शनची छोटी पेट्रोल गाडी आहे. गिअर साधे आहेत आणि गॅसकिट बसवलेले नाही. आदल्या संध्याकाळी दिग्रसहून व्यवस्थित घरी आलेली ही गाडी सकाळी चालू होईना. चावी फिरवली की सेल्फ नेहमीच्याच जोरात आणि नेहमीच्याच आवाजात फिरतो, डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन काही केल्या पकडत नाही. एखादा अर्धवट ठोकासुद्धा येत नाही. टाकीत निम्म्याहून अधिक पेट्रोल आहे. बराच वेळ सेल्फ मारूनही सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

गावातल्या मिस्त्रींनी इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडवून पाहिली. चावी ऑन करताच थोडी पिचकारी आली आणि नंतर सेल्फ फिरत असताना काहीच आले नाही. त्यावरून टाकीतला फ्यूल पंप गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. पंप बदलूनही काम झाले नाही तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, पाहावा लागेल, असेही ते म्हणाले. पंपाचा संच काही हजार रुपयांचा आहे आणि तो यवतमाळहून आणावा लागेल, नाहीतर गाडीच टोचन करून तिकडे न्यावी लागेल. कापसाची वेचणी ऐन भरात असल्यामुळे दोन्ही गोष्टी सध्या जड आहेत.

गाडी घराशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी असते. त्याच शेडमध्ये एका बाजूला वेचलेला कापूस आणि दुसऱ्या बाजूला सोयाबीनचे कुटार (भुसा) आहे. विहिरीवरच्या मोटारीसाठी घेतलेला मल्टीमीटर घरी आहे आणि तो वापरता येतो. पंपावर खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: पाना-पक्कड (परतवाडा)

भाऊ, आपल्या मिस्त्रींनी जे पाहिले ते बरोबर पाहिले, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. चावी ऑन करताच आलेली पिचकारी ही आपल्या वर्णनातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये चावी ऑनवर नेली की ईसीएम पंपाला दोन-तीन सेकंद वीज देऊन नळीत दाब तयार करतो आणि मग पंप थांबवतो. त्यानंतर इंजिन खरोखर फिरत असल्याचा संकेत मिळाला, तरच तो पंप पुन्हा सुरू करतो. अपघातात इंजिन बंद पडून नळी फुटली तर पंपाने रस्त्यावर पेट्रोल ओतत राहू नये, यासाठी ही व्यवस्था आहे. आपल्या पंपाने पहिले काम केले आहे. सेल्फ फिरताना तो चालू शकला नाही, की त्याला चालवलेच गेले नाही, हे अजून ठरलेले नाही.

अशी गाडी समोर आली की मी आधी एवढेच ठरवतो: ठिणगी आहे पण पेट्रोल नाही, पेट्रोल आहे पण ठिणगी नाही, की दोन्ही नाहीत? फक्त पेट्रोल नसेल तर पंप, त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच), फ्यूज, फिल्टर आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) या बाजूला शोधायचे. फक्त ठिणगी नसेल तर कॉइल, प्लग आणि त्यांची वायरिंग पाहायची. मात्र दोन्ही एकाच रात्रीत गेले असतील, तर दोन वेगवेगळे भाग एकाच वेळी बिघडले असे मानण्यापेक्षा दोघांना सामाईक असलेला भाग शोधणे शहाणपणाचे ठरते. असे सामाईक भाग फार नाहीत: ईसीएमला वीज देणारा मुख्य रिले व त्याचा फ्यूज, चावीची ओळख पटवणारा इम्मोबिलायझर, आणि क्रँकशाफ्टची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) फिरकी मोजणारा क्रँक सेन्सर. ईसीएम स्वतः बिघडतो, पण फार क्वचित, आणि त्याच्यावर संशय घेण्याची वेळ सगळ्यात शेवटी येते.

शेडमधून गाडी ढकलून मोकळ्या अंगणात आणल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. चावी ऑन केल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का? तो लागत असेल तर ईसीएमला वीज मिळत आहे आणि मुख्य रिले बहुधा ठीक आहे. चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह काही सेकंदांत विझते, की लुकलुकत राहते? लुकलुकत राहिले तर आधी दुसऱ्या चावीने प्रयत्न करावा, कारण इम्मोबिलायझरने नकार दिला की इंजिनाच्या बाकी तपासणीला अर्थ उरत नाही. नंतर एकाला मागच्या सीटवर कान लावून बसवावे आणि चावी ऑन करावी. पंपाची बारीक घरघर दोन-तीन सेकंद ऐकू यायला हवी. सर्वांत शेवटी, सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का, याकडे लक्ष द्यावे. पुष्कळ गाड्यांमध्ये तो दोनशे-अडीचशेच्या आसपास उचलतो. काटा पूर्ण मेलेला असेल तर माझा संशय क्रँक सेन्सरकडे जातो. पण काही गाड्यांमध्ये सेल्फच्या वेळी तो मुळातच हलत नाही, म्हणून कोणाकडे मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) असल्यास त्यावर सेल्फ फिरतानाचा आरपीएम पाहणे अधिक खात्रीचे.

टायमिंग बेल्ट किंवा चेनबद्दल एक वाक्य. ती तुटली असती तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नसल्यामुळे सेल्फचा आवाज एकसारखा आणि नेहमीपेक्षा वेगवान झाला असता. आपला आवाज बदललेला नाही, त्यामुळे ती शक्यता मी तूर्त बाजूला ठेवतो.

उत्तर: निवृत्त आगारवाला (वाशीम)

वरील उत्तर योग्यच आहे. त्यात सावधगिरीची भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण आपण लिहिलेली सर्वांत काळजीची गोष्ट इंजिनात नसून शेडमध्ये आहे. ज्या टिनाखाली कापूस आणि कुटार आहे, त्याच टिनाखाली पेट्रोलची नळी सोडवून सेल्फ मारला गेला असेल, तर ते पुन्हा होऊ देऊ नये. ठिणगी पाहायची ती मोकळ्या जागेत, नळ्या घट्ट बसवलेल्या असताना आणि फ्यूल पंपाचा फ्यूज काढून. सुटा प्लग कॉइलला लावून त्याचे धातूचे अंग वायरने इंजिनाच्या लोखंडाशी पक्के जोडावे आणि मगच दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. प्लग हातात धरू नये, आणि कॉइल अर्थशिवाय मोकळी ठेवून सेल्फ मारू नये. कॉइलचा दाब हजारो व्होल्टचा असतो. तो जाण्यासाठी वाट शोधतो आणि त्यात कॉइल किंवा ईसीएमदेखील बिघडू शकतो.

आपल्याकडे मीटर आहेच, तर सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना तिचा दाब उतरणारच, पण तो ९.६ च्या खाली जाऊ नये. सेल्फ ऐकायला बरा वाटतो, मात्र दाब इतका कोसळतो की ईसीएम मधेच शुद्ध हरपतो, असे प्रकार थंडीत पाहायला मिळतात. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला निवण्यास अर्धा-एक मिनिट द्यावे.

कोणी बंडीला किंवा ट्रॅक्टरला बांधून गाडी ओढत चालू करण्याचा सल्ला देईल. तो ऐकू नये. सेल्फ इंजिन नीट फिरवत असताना चाकांनी फिरवून वेगळे काही घडत नाही. उलट इंजिन न पेटता कच्चे पेट्रोल सायलेन्सरमध्ये गेले, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागाची, हानी होते.

उत्तर: पूर्णाकाठ (दर्यापूर)

पेट्रोलमध्ये पाणी आहे का, हेही पाहावे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते, पण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. पंपाचे तोंड तळाशीच असल्यामुळे इंजिनाला पहिल्यांदा तेच मिळते. काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडे पेट्रोल घेऊन स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुण्यावाचून उपाय नाही.

माझा दुसरा अंदाज थेट क्रँक सेन्सरचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात अशीच एक गाडी भर दुपारी बंद पडायची आणि तासाभराने आपोआप चालू व्हायची. सेन्सर बदलल्यावर तो त्रास गेला. तो फार महाग नसतो; मीटर घेऊन बसण्यापेक्षा सरळ नवा बसवून टाकावा.

उत्तर: पाना-पक्कड

पाण्याचा मुद्दा तपासण्यासारखा आहे, पण या गाडीत तो मला दुय्यम वाटतो. पाणी असते तर आदल्या संध्याकाळी दिग्रसहून येताना इंजिनाने अडखळून काहीतरी सूचना दिली असती. शिवाय सेल्फ फिरताना पंप थांबलेला राहतो, याचे उत्तर पाण्यात मिळत नाही.

सेन्सरच्या बाबतीत मात्र माझा मतभेद आहे. आपण सांगितलेली गाडी तापल्यावर बंद पडत होती आणि निवल्यावर चालू होत होती. आतली गुंडाळी किंवा इलेक्ट्रॉनिक भाग उष्णतेने तुटणाऱ्या सेन्सरचे ते अगदी ठरावीक लक्षण आहे. प्रश्नातली गाडी हिवाळ्याच्या रात्री शांतपणे उभी असताना गेली आहे, आणि ती कुटाराशेजारी उभी होती. त्यामुळे नवा सेन्सर आणण्याआधी मी त्याच्यापर्यंत जाणारी वायर डोळ्यांनी पाहीन. पीक घरात आले की वावरातले उंदीरही मागोमाग येतात, आणि संध्याकाळी उभ्या केलेल्या गाडीचे इंजिन रात्री बराच वेळ ऊबदार असते.

वावरवाला

सर्वांचे आभार. गाडी अंगणात आणून तपासणी केली. बॅटरी विसावलेल्या स्थितीत १२.५ व्होल्ट आणि सेल्फ फिरताना १०.४ व्होल्ट दाखवते. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. चावीचे चिन्ह विझते, म्हणजे इम्मोबिलायझरची अडचण दिसत नाही. मागच्या सीटखालून पंपाची घरघर दोन सेकंद स्पष्ट ऐकू येते. सेल्फ फिरताना ती येत नाही, असे भाच्याने सीटवर आडवे पडून सांगितले. फ्यूज काढून, सांगितल्याप्रमाणे ठिणगी पाहिली. ठिणगी नाही. बाटलीतले पेट्रोल स्वच्छ आहे.

आरपीएमचा काटा हलत नाही. भाच्याच्या मित्राकडे ब्लूटूथ स्कॅनर होता. सेल्फ फिरताना त्यावर आरपीएम शून्य दिसला आणि पी ०३३५ हा कोड आला. आता सेन्सर मागवू का?

उत्तर: पाना-पक्कड

अजून मागवू नका. पी ०३३५ या कोडचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून संकेत येत नाही, एवढाच आहे. सेन्सर मेला, वायर तुटली, जोडणीत गंज चढला किंवा पिन मागे सरकली, तरी कोड हाच येतो. पण त्याने मुख्य गाठ सोडवली आहे: इंजिन फिरते आहे हे ईसीएमला कळतच नाही, म्हणून तो ठिणगीही देत नाही, इंजेक्टरही उघडत नाही आणि पंपही पुन्हा सुरू करत नाही. सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास न येण्याचे कारणही हेच. पंप बदलला असता तर नवा पंपही दोन सेकंद गुणगुणून गप्प बसला असता.

हा सेन्सर गाडीगणिक वेगळ्या जागी असतो: काहींत गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यावर फ्लायव्हीलसमोर, तर काहींत खाली क्रँक पुलीच्या बाजूला. जोडणी काढून पिना मोजा. दोन पिनांचा असेल तर तो चुंबकीय प्रकारचा असतो. त्याच्या दोन टोकांमधला रोध साधारण काही शे ते हजार-दीड हजार ओहम येतो, आणि सेल्फ फिरवताना मीटर एसी व्होल्टवर ठेवला तर थोडा व्होल्टेज दिसतो. तीन पिनांचा असेल तर तो बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे बाहेरून वीज लागणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर आहे, आणि त्याचा रोध मोजत बसू नये. त्याऐवजी सेन्सर सोडवलेला ठेवून, चावी ऑन करून, गाडीच्या बाजूच्या जोडणीत मोजा. एका पिनेवर ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा मिळायला हवा, एक पिन पक्की अर्थ असायला हवी, आणि तिसऱ्या म्हणजे संकेताच्या पिनेवर बहुतेक गाड्यांत ईसीएमने दिलेले ५ व्होल्टच्या आसपास दिसतात. मीटरचे टोक पिनेच्या आत जोराने खुपसू नका. ती एकदा सैल झाली की नंतर वेगळाच बिघाड शोधत बसावे लागते.

तिन्ही ठीक असतील तर सेन्सर दोषी समजावा. त्यातले एखादे नसेल तर सेन्सरला हात न लावता वायर धरून मागे मागे जावे.

वावरवाला

तीन पिना आहेत. पुरवठ्याच्या पिनेवर १२ व्होल्टच्या जवळपास येतात, अर्थ चांगली आहे, आणि तिसऱ्या पिनेवर शून्य आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून वायरचा माग काढला. बॅटरीचा ट्रे उचलल्यावर खाली कुटार, कापसाचे पेळू आणि शेंगांच्या टरफलांचे घरटेच निघाले. नागमोडी प्लॅस्टिकच्या नळीला हातभर लांबीत छिद्रे पडली आहेत. आत एक वायर पूर्ण कुरतडलेली आहे, आणि ती क्रँक सेन्सरच्या संकेताचीच आहे. शेजारच्या आणखी दोन वायरींचे आवरण गेले आहे, मात्र तांबे शाबूत आहे. मिस्त्रींना बोलावून दाखवले. त्यांनी लगेच तुटलेली टोके पिळून चिकटपट्टी लावली. चावी फिरवताच गाडी चालू झाली.

ही जोडणी तशीच चालेल का? आणि पंपाचे काही पाहायचे बाकी राहते का?

उत्तर: निवृत्त आगारवाला

पिळलेली जोडणी घरापासून यवतमाळपर्यंत जाण्यासाठी ठीक, पण कायमची नाही. बॅटरीजवळ आम्लाचा अंश असतो, पावसाळ्यात ओल शिरते आणि पट्टीचा डिंक इंजिनाच्या उष्णतेने वितळतो. तांब्यावर हिरवट थर चढला की हाच बिघाड परत येईल, आणि तेव्हा तो कधी असेल, कधी नसेल. शोधायला आताच्यापेक्षा अवघड. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची ऑटोमोबाइल वायर घालावी, दोन्ही टोके कथिलाने झाळावी आणि आधीच सरकवून ठेवलेली उष्णतेने आकसणारी नळी त्यावर बसवावी. आवरण गेलेल्या दोन वायरींनाही हेच संरक्षण द्यावे. जोड एकमेकांशेजारी न ठेवता पुढे-मागे ठेवावेत, म्हणजे नळी फाटली तरी ते एकमेकांना टेकणार नाहीत. काम झाल्यावर नवी नागमोडी नळी चढवून हार्नेस (वायरींचा जुडगा) एक्झॉस्टपासून आणि फिरत्या भागांपासून दूर बांधावा.

उत्तर: पाना-पक्कड

पंपाचे सध्या काही करू नये. गाडी चढावर ओढ टाकू लागली किंवा वेगात अडखळू लागली, तर गॅरेजमध्ये दाबमापक लावून फ्यूल प्रेशर पाहावे. या प्रकारच्या इंजिनांत ते बहुधा तीन ते चार बारच्या दरम्यान असते. तोवर स्कॅनरने कोड पुसून टाकावा आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावे. पी ०३३५ परत आला तर जोड कच्चा राहिला आहे.

उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या बोनेटमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. वास आहे तोवर त्यांचा थोडा उपयोग होतो, पण उष्णतेने त्या लवकर उडून जातात. विषाचा उंदीर एसीच्या वाटेत जाऊन मेला तर डॅशबोर्ड उघडावा लागतो, म्हणून तो मार्ग मी सुचवत नाही. घरटे पूर्ण काढून बॅटरीखालची जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण जुन्या वासावर नवे उंदीर येतात. कापूस विकला जाईपर्यंत गाडी शेडबाहेर उभी करावी. इंजेक्टरच्या आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीही उजेडात एकदा तपासून घ्याव्यात. ज्या उंदराने बॅटरीखाली घर केले, तो तेवढ्याच जागेत राहिला असेल असे नाही.